डाव आणि निवाडा : वऱ्हाडातील बैठ्या खेळांच्या परीक्षणाचा इतिहास

१

बुलढाण्याहून मलकापूरकडे जाणारा रस्ता राजूरच्या घाटाने अजिंठ्याच्या डोंगररांगेवरून खाली उतरतो आणि पायनघाटाच्या सपाटीला लागताना मोताळा गाठतो. घाटमाथा आणि पायनघाट हे वऱ्हाडचे जे दोन जुने विभाग, त्यांच्या सांध्यावर हे तालुक्याचे गाव वसलेले आहे. उत्तरेकडून दक्खनेत उतरणाऱ्या सैन्यांच्या वाटेवरील हा टापू असल्यामुळे इतिहासात तो वारंवार डोकावतो. तालुक्यातील रोहिणखेड येथे १४३७ मध्ये खानदेशचा नासिरखान फारूकी व बहामनी सैन्य यांची लढाई होऊन नासिरखानाचा पराभव झाला. बोलीच्या दृष्टीनेही ही सीमाभूमीच आहे. वऱ्हाडी बोलीचा हा पश्चिम काठ असून खानदेशातील बोली येथून हाकेच्या अंतरावर आहेत. अशा वाटेवरच्या प्रदेशातून माल आणि सैन्य यांच्याबरोबर शब्दही प्रवास करतात, आणि शब्दांच्या सोबतीने खेळही.

प्रस्तुत लेखाचा विषय बैठे खेळ हा आहे. पट मांडून, फासे वा कवड्या टाकून, पत्ते वाटून आणि अलीकडे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोट फिरवून जे खेळले जातात, ते सर्व या संज्ञेत येतात. या खेळांची वर्णने आजवर पुष्कळ झाली आहेत. येथे विचार करावयाचा आहे तो त्यांच्या परीक्षणाचा. अमुक खेळ चांगला की वाईट, आणि कोणत्या कारणाने, याचा निवाडा या प्रदेशात आजपर्यंत कोणी केला आणि कोणत्या निकषावर केला ? काव्य, नाटक, चित्र या मानवनिर्मित वस्तू आहेत म्हणून त्यांची समीक्षा होते. खेळ हीदेखील तशीच रचलेली वस्तू आहे; तथापि तिची समीक्षा करण्याची प्रथा मराठीत रुजली नाही. खेळाच्या निवाड्याचे काम येथे क्रमाने नीतीने, नियमग्रंथांनी आणि कायद्याने केले. खेळणाऱ्याचा स्वतःचा निवाडा मात्र ग्रंथात न येता केवळ बोलीत राहिला. या विधानाची ऐतिहासिक तपासणी पुढे केली आहे.

२

विदर्भाशी संबद्ध असलेल्या पुराणकथांपैकी दोन महत्त्वाच्या कथा फाशांच्या आहेत, ही गोष्ट लक्षणीय आहे. पहिली नल-दमयंतीची. महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी ती युधिष्ठिराला सांगतात. दमयंती ही विदर्भराज भीमाची कन्या. नल राजा पुष्कराशी द्यूत खेळून राज्य गमावतो, एवढा भाग सर्वांस ठाऊक असतो. कथेचा उत्तरार्ध तितका लक्षात राहत नाही. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण विदर्भाकडे निघाला असता सारथ्याच्या वेषातील नल त्याचा रथ हाकीत असतो. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या एका झाडाची पाने व फळे अंदाजाने मोजून दाखवितो. नल झाड तोडून ती गणना पडताळतो आणि ती बरोबर ठरते. ऋतुपर्णाला फाशांचे रहस्य, म्हणजे ‘अक्षहृदय’, अवगत असते. नल आपले ‘अश्वहृदय’ देऊन त्याच्या मोबदल्यात ते घेतो आणि पुढे पुष्कराला हरवून राज्य परत मिळवितो. बेहड्याच्या बिया वैदिक काळी फासे म्हणून वापरल्या जात, हे ध्यानात घेतले म्हणजे झाडाची ती निवड सहज झालेली नाही हे उघड होते. संभाव्यतेच्या कल्पनेचा इतिहास लिहिणारे इयन हॅकिंग यांनी १९७५ मध्ये या कथेची आवर्जून दखल घेतली, ती याच कारणासाठी. फाशांचा खेळ केवळ दैवाधीन नसून त्यात शिकण्याजोगे काही आहे, हा विचार येथे स्पष्ट मांडलेला दिसतो.

दुसरी कथा भागवताच्या दशम स्कंधात येते. रुक्मिणीचा बंधू रुक्मी याच्या भोजकट नगरात अनिरुद्धाच्या विवाहप्रसंगी रुक्मी आणि बलराम फासे खेळावयास बसतात. बलरामाने जिंकलेला डाव रुक्मी आपला म्हणतो. पंच म्हणून विचारलेले राजे त्याचीच री ओढतात. आकाशवाणी बलरामाच्या बाजूने कौल देते. रुक्मी तीही मानीत नाही आणि अखेर प्राणास मुकतो. ज्याला मराठीत रडीचा डाव म्हणतात त्याचे हे पुराणातील उदाहरण होय. पहिल्या कथेत प्रश्न कौशल्याचा आहे, दुसरीत निवाड्याचा. पुढील इतिहासात हेच दोन प्रश्न पुन्हा पुन्हा उभे राहतात.

३

मध्ययुगात या प्रश्नांकडे पाहण्याच्या दोन दृष्टी शेजारी शेजारी नांदत होत्या. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या नावावरील मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराचा. मराठीचे जुने पद्यांश त्यात आढळतात म्हणून भाषाभ्यासकांना तो परिचित आहे. त्याच्या शेवटच्या विंशतीत राजाच्या क्रीडा सांगितल्या असून चतुरंग, पाशक, वराटिका म्हणजे कवड्या, आणि फंजिका यांचा तेथे अंतर्भाव होतो. ग्रंथकाराला खेळाचे साहित्य, मांडणी आणि रीत यांत रस आहे. खेळ हा राजाच्या विनोदाचा भाग, म्हणून तो नीट खेळला जावा, एवढीच त्याची अपेक्षा दिसते.

याच्या उलट टोकाला लीळाचरित्र आहे. म्हाइंभटाने शके १२०० च्या सुमारास रिद्धपूर येथे या आठवणी संकलित केल्या. चक्रधरांच्या पूर्वायुष्याचा, म्हणजे हरिपाळदेवाचा, जो वृत्तान्त त्यात येतो त्यात द्यूताचे व्यसन, हरलेली रक्कम, ती फेडण्यासाठी पत्नीकडे मागितलेले दागिने आणि तिने दिलेला नकार हा प्रसंग वैराग्याचे निमित्त ठरतो. ज्या चक्रधरांचा संचार मेहकर आणि लोणार या बुलढाणा जिल्ह्यातील गावी झाला, त्यांच्या चरित्राच्या आरंभी द्यूत उभे आहे. येथे खेळ कसा खेळला गेला याला महत्त्व नाही. खेळाने घरात काय केले, हेच महत्त्वाचे आहे. घराकडून, विशेषतः घरातील स्त्रीकडून, झालेला हा निवाडा वऱ्हाडात आजतागायत तितकाच जिवंत आहे.

या दोन दृष्टींचा मेळ घालणारी वस्तू म्हणजे मोक्षपट. त्याचे जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देणारी परंपरा महाराष्ट्रात दृढ आहे; उपलब्ध पट मात्र त्यांच्या काळानंतर काही शतकांनी तयार झालेले आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे वा. ल. मंजुळ यांनी मराठी मोक्षपटांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि याकोब श्मिट-माडसन यांनी पश्चिम भारतातील अशा पटांवर कोपनहेगन विद्यापीठास २०१९ मध्ये प्रबंध सादर केला. मोक्षपटात खेळणाऱ्याला निवड करण्यास जागा नाही. कवड्यांचे दान पडेल तितकी घरे सोंगटी चालते. सद्गुणाच्या घरी शिडी, दुर्गुणाच्या घरी साप. कौशल्याच्या कसोटीवर हा खेळ अगदी निम्न ठरेल. परंतु प्रत्येक घरात नाव लिहिलेले असते आणि सोंगटी तेथे आली की ते नाव वाचले जाते. खेळाचे सार त्या वाचनात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात त्याचे सापशिडीत रूपांतर झाले आणि कालांतराने घरांतील नावे जाऊन केवळ आकडे उरले. तेव्हा सोंगटीची चाल तीच राहिली आणि खेळाचा अर्थ मात्र गेला. खेळाचे परीक्षण केवळ नियमांवरून करता येत नाही, हे या उदाहरणावरून सिद्ध होते.

४

मोगल अमलात वऱ्हाडच्या खेळांना आणि त्यांच्या परिभाषेला नवे वळण लागले. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे वर्णन आहे आणि त्याच ग्रंथात चौपड, गंजिफा व अकबराने स्वतः रचलेला चंडाळ-मंडाळ हा सोळा जणांचा खेळ यांचेही सविस्तर वर्णन आहे. चौपडीचे डाव महिनोन्महिने चालत आणि ठरलेले डाव पुरे झाल्याविना खेळणाऱ्यास घरी जाण्याची मुभा नसे, असे तो सांगतो. त्याच्या मते वरवर पाहणाऱ्यास ही करमणूक वाटली तरी बादशहा त्यातून माणसांचा वकूब जोखीत असे. खेळणाऱ्याचे परीक्षण खेळाने करावे, ही कल्पना येथे प्रथमच राज्यकारभाराच्या संदर्भात येते.

फारसी-अरबी शब्दांचा जो प्रवाह या काळात मराठीत आला त्यात खेळांचा वाटा लहान नाही. शह, मात, बाजी, वजीर, प्यादे, हुकूम, गंजिफा हे सर्व शब्द त्या वाटेने आलेले आहेत. त्यांच्या शेजारी फासा, कवडी आणि जुगार हे शब्द संस्कृत पाश, कपर्दिका व द्यूतकार यांपासून प्राकृतातून उतरले. दरबाराने विजयाचे शब्द दिले आणि व्यसनाचा शब्द घरचाच राहिला, अशी ही विभागणी दिसते.

गंजिफ्याचा खेळ परीक्षणाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. बाबराने १५२७ मध्ये सिंधकडे शाह हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे. मोगली गंजिफ्यात आठ रंगांची ९६ पाने, तर सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी प्रसिद्धीस आणलेल्या दशावतारी गंजिफ्यात दहा रंगांची १२० पाने. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने असतात; पैकी निम्म्या रंगांत अंकांचा मान उलटा धरला जातो. हुकूम नसल्यामुळे नशिबाने आलेल्या एखाद्या पानाने डाव उलटत नाही. कोणती पाने खेळून गेली हे ज्याच्या ध्यानात राहील तो जिंकतो. गंजिफा हा प्रामुख्याने स्मरणशक्तीचा खेळ आहे, आणि तो मागे पडण्याचे एक कारण हेही मानता येईल, की ५२ पानांच्या युरोपीय जोडाने लक्षात ठेवण्याचे ओझे अर्ध्याहून अधिक उतरविले.

बुद्धिबळात तर परीक्षणाचा निकष खेळाच्या परिभाषेतच शिरलेला आहे. एतद्देशीय रीतीने खेळताना केवळ मात देऊन खेळणाऱ्याचे समाधान होत नसे. ती कोणत्या मोहऱ्याने दिली याला मोल असे. प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची. ‘प्यादेमात’ या शब्दात निकाल आणि त्याची प्रतवारी ही दोन्ही एकत्र आली आहेत. आंतरराष्ट्रीय नियमांत कोणतीही मात सारखीच, त्यामुळे हा भेद निरुपयोगी झाला आणि शब्दही कोशात जाऊन बसला.

५

एकोणिसाव्या शतकात खेळांची परंपरा छापखान्याच्या हाती गेली. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूप १८१४ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाले. पुढे १८७१ मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, हरिकृष्ण शास्त्रींनी बृहज्ज्योतिषार्णव या आपल्या विशाल ग्रंथात ‘क्रीडाकौशल्य’ हे प्रकरण रचले. बुद्धिबळाचे प्रकार, चौपट, ज्ञानपट, वाघ-बकरीसारखे खेळ हे सारे त्यात पटाच्या आकृतींसह आले आहेत. मोताळ्याच्या दक्षिणेस, डोंगराच्या पलीकडे लिहिला गेलेला हा ग्रंथ आपल्या बैठ्या खेळांचा मोठा संग्रह आहे. मात्र तो ज्योतिषाच्या ग्रंथाचा भाग आहे आणि त्याचा हेतू नियमांच्या जतनाचा आहे. कोणता खेळ का रंगतो, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही.

विसाव्या शतकात खेळांना सार्वजनिक प्रतिष्ठा मिळाली ती व्यायामाच्या चळवळीमुळे. पुण्याचा डेक्कन जिमखाना आणि बडोद्याचा हिंद विजय जिमखाना यांनी शतकाच्या पहिल्या पाव भागात खो-खो आणि हुतूतू या खेळांचे नियम बांधले. १९१४ मध्ये अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. बडोद्याहून १९३६ पासून खंडशः प्रसिद्ध झालेल्या विश्वकोशसदृश ग्रंथाचे नावच मुळी ‘व्यायाम ज्ञानकोश’ असे आहे. राष्ट्राची शरीरसंपदा वाढविण्याचा हेतू उदात्त होता यात शंका नाही. त्याचा आनुषंगिक परिणाम असा झाला, की मैदानावरच्या खेळांना नियमपुस्तिका, पंच आणि संघटना लाभल्या. बसून खेळावयाचे खेळ ओसरीवर, देवळाच्या पायरीवर आणि माजघरात राहिले. त्यांच्यापैकी एकट्या बुद्धिबळाला संस्थेचा आधार मिळाला. सांगलीचे नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ पासून कार्यरत आहे. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला, त्यामागे अशा अनेक दशकांच्या संघटित परंपरेचे पाठबळ आहे. बुद्धिबळाचा डाव लिहून ठेवता येतो, म्हणून त्याची चिकित्सा होऊ शकते आणि वृत्तपत्रांतून होतही आली आहे. सोंगट्यांचा वा पत्त्यांचा डाव उधळला की त्याचा मागमूस उरत नाही.

६

ग्रंथकार आणि संघटना यांनी सोडून दिलेले हे क्षेत्र अखेर कायद्याने व्यापले. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा मध्य प्रांतासह अनेक प्रांतांसाठी झाला. मुंबई इलाख्याचा कायदा १८८७ चा. नोव्हेंबर १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे हा दुसरा कायदा विदर्भासही लागू झाला. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा या नावाने आज मोताळ्यात तोच चालतो. दोन्ही कायद्यांत एक समान अपवाद आहे : केवळ कौशल्याच्या खेळाला कायद्याची बंधने लागू नाहीत. या एका वाक्याने न्यायाधीशाला खेळाचा परीक्षक बनविले.

आधुनिक भारतात पत्त्यांच्या खेळाचे अत्यंत विचारपूर्वक केलेले एक परीक्षण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आढळते, हे म्हणूनच आश्चर्याचे नाही. आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात १९६७ मध्ये न्यायालयाने रमी आणि तीन पत्ती यांच्यात भेद केला. पडलेली पाने लक्षात ठेवणे, कोणते पान धरावे व कोणते टाकावे हे ठरविणे यांस रमीत पुष्कळ कौशल्य लागते, म्हणून रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ होय, असे न्यायालयाचे मत पडले. गंजिफा खेळणाऱ्यांना शतकानुशतके जे ठाऊक होते, तेच येथे विधीच्या भाषेत आले.

तथापि कायद्याच्या परीक्षणाला स्वाभाविक मर्यादा आहेत. त्याला एकच प्रश्न विचारता येतो आणि त्याची उत्तरे दोनच असू शकतात. २०२१ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या लुडोचा वाद मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा प्रश्न पुन्हा तोच होता : कौशल्य की नशीब ? लुडो हे चौसर-पचिशीचे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे इंग्रजी रूप. चौसरीत लांबट फाशांचे दान अनेक सोंगट्यांत विभागून चालता येते. आपल्या दोन सोंगट्या एका घरी आणून जुग बांधता येतो. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू असतात आणि एकाच्या सोंगट्या घरी पोचल्या तरी भिडूसाठी त्याला खेळावे लागते. लुडोत फासा एकच आणि प्रत्येक जण आपल्यापुरता. या रूपांतरात निवड कमी झाली हे खरे. पण भागीदारी पूर्णतः नष्ट झाली, हे नुकसान त्याहून मोठे आहे. कायद्याला पहिली गोष्ट दिसते. दुसरी त्याच्या दृष्टीच्या टप्प्यातच नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा संमत केला, त्यात पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांपुरता हा कौशल्य-नशिबाचा भेदच निरर्थक ठरविण्यात आला. खेळ कोणत्याही प्रकारचा असो, पैसा लागला की तो निषिद्ध. घरोघरी झालेली हानी पाहता या निर्णयामागील चिंता समजण्याजोगी आहे. हरिपाळदेवाच्या पत्नीने घेतलेली भूमिकाच जणू राज्यसंस्थेने घेतली. परंतु त्याचबरोबर खेळाच्या घडणीचा विचार करणारे जे एकमेव अधिकृत पीठ होते, त्याने या क्षेत्रातून अंग काढून घेतले, हीही ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे.

७

आता राहिला तो बोलीतील निवाडा. मराठीत डाव रंगतो, बसतो, उलटतो, साधतो, मोडतो आणि उधळला जातो. यांतील ‘रंगणे’ हे क्रियापद गाण्यालाही लागते आणि गप्पांनाही. हार-जितीशी त्याचा संबंध नाही. हरणाराही डाव रंगला असे म्हणू शकतो. खेळाच्या गुणवत्तेची ही कसोटी जितकी नेमकी आहे तितकीच ती कोणत्याही ग्रंथातील व्याख्येविना चालत आलेली आहे. ‘रडीचा डाव’ या प्रयोगात नियमभंगाहून सूक्ष्म असा दोष टिपला आहे. ‘लिंबूटिंबू’ या शब्दात तर रचनेचे एक तत्त्वच सामावले आहे : लहान मुलाला खेळात घ्यावयाचे, पण त्याच्यावर राज्य आणावयाचे नाही. फाशावर पडलेल्या आकड्याला ‘दान’ म्हणणाऱ्या भाषेत, जे पडले ते मिळालेले आहे, कमावलेले नाही, ही जाणीव बोलणाऱ्याच्या नकळत वास करते.

मात्र मूळ खेळ गेला की शब्दांची मुळे उघडी पडतात. ‘पोबारा’ हे फाशांतील एक दान. हिंदीत ‘पौ बारह’ म्हणजे भाग्य फळफळणे. मराठीत पोबारा करणे म्हणजे पळून जाणे. एका दानाचे हे दोन अर्थ आज वापरणाऱ्या कोणासही फाशांपर्यंत घेऊन जात नाहीत. शह-काटशह आणि हुकमाचा एक्का हे प्रयोग टिकले, कारण राजकारणाने ते उचलले. जुग आणि प्यादेमात हे मागे पडले, कारण ते खेळाच्या बारकाव्याचे शब्द होते आणि तो बारकावा खेळाबाहेर कोणाच्या उपयोगाचा नव्हता. बैठ्या खेळांच्या शब्दसंग्रहातील ही गळती विशिष्ट दिशेने चालली आहे : संघर्षाचे शब्द टिकतात, परीक्षणाचे गळतात.

वऱ्हाडी बोलीचा पद्धतशीर नमुना ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-पाहणीच्या सातव्या खंडात १९०५ मध्ये आला. त्या पाहणीत सर्वत्र एकच बायबलातील गोष्ट भाषांतरासाठी दिली जात असे : वाटणी घेऊन घर सोडणाऱ्या आणि सर्व उधळून परत येणाऱ्या मुलाची. त्यामुळे उधळपट्टीचे वर्णन प्रत्येक बोलीत नोंदले गेले. त्या बोलीत पट मांडून बसलेली माणसे परस्परांशी काय बोलतात, ते नोंदले गेले नाही. आज वऱ्हाडातील पत्त्यांच्या खेळांची ‘एक्का-बादशहा’, ‘झन्नामन्ना’ ही नावे छापील स्वरूपात सर्वाधिक आढळतात ती पोळ्या-दिवाळीच्या सुमारास पडणाऱ्या छाप्यांच्या बातम्यांत. बोलीतील खेळाच्या नावाला कोशापूर्वी पंचनाम्यात जागा मिळावी, ही स्थिती भाषाभ्यासाला भूषणावह नाही.

८

बाहेरच्या जगात या विषयाची वाटचाल निराळी झाली. योहान हायझिंगा यांनी १९३८ मध्ये खेळ हा संस्कृतीचा पाया मानला. रोजे कैवा यांनी १९५८ मध्ये खेळांचे चार मूलघटक सांगितले : स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवंड. मराठी वाचकाला हे घटक परके वाटू नयेत. पैजेत स्पर्धा आहे, दानात दैव आहे, लळितात सोंग आहे आणि फुगडीत भोवंड आहे. अमेरिकेत १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला आणि टेबलाभोवती बसून भूमिका घेण्याच्या खेळांचा प्रघात पडला. एक जण गोष्ट मांडतो, इतर जण पात्रे होऊन बोलतात आणि अडचणीच्या जागी फासा टाकून निकाल लावतात. महाराष्ट्राने सोंग देवळाच्या अंगणात ठेवले आणि फासा त्या अंगणाबाहेर. या खेळात ती दोन्ही एका बैठकीत आली. जर्मनीत टीकाकारांच्या मंडळाकडून १९७९ पासून वर्षातील उत्तम पटखेळाला पारितोषिक दिले जाते. त्या टीकाकारांनी खेळांवर सातत्याने आपल्या भाषेत लिहिले, म्हणून पटखेळाच्या रचनाकाराचे नाव पेटीवर छापण्याइतके महत्त्वाचे झाले. व्हिडिओ खेळांना १९८१ पासून इंग्लंड-अमेरिकेत स्वतंत्र नियतकालिके मिळाली. महाराष्ट्रातही निर्मितीला आरंभ झाला असून पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा पौराणिक कल्पनांवर आधारलेला व्हिडिओ खेळ २०२० मध्ये प्रकाशित झाला. खेळ रचणारे हात येथे आहेत. त्या रचनेचे मोल मराठीत सांगणारी परिभाषा तेवढी तयार व्हावयाची आहे.

ही परिभाषा घडविताना नव्या शब्दांची टांकसाळ उघडण्याची गरज नाही. दान, जुग, भिडू, राज्य, रंगणे, रडी, लिंबूटिंबू, प्यादेमात या शब्दांत नशीब, संयोजन, भागीदारी, पाळी, रस, खिलाडूपणाचा अभाव, दुबळ्याला सवलत आणि विजयाची प्रत या आठ संकल्पना आधीच नावानिशी उपस्थित आहेत. पडद्यावरच्या खेळाचे परीक्षणही त्यांच्या साहाय्याने करता येईल. एखादा खेळ नवख्याला लिंबूटिंबू मानून घेतो की पहिल्याच फेरीत बाद करतो. त्यात भिडूसाठी काही करता येते की नाही. पडलेल्या दानात निवडीला वाव आहे की केवळ पुन्हा पैसे भरण्याला. हरल्यावरही डाव रंगला असे म्हणता येते की नाही—असे प्रश्न ज्या मुलाला आपल्या भाषेत विचारता येतील, त्याला फसव्या खेळापासून दूर ठेवण्यासाठी केवळ कायद्यावर विसंबावे लागणार नाही.

त्यासाठी प्रथम संग्रहाचे काम हाती घ्यावे लागेल आणि मोताळ्यासारखा दोन बोलींच्या सीमेवरील तालुका त्यास सर्वथा योग्य आहे. खेळाचे नाव, पटाची आकृती आणि नियम यांची नोंद क्रीडाकौशल्यकारांच्या रीतीने करावी. कवड्या नसल्यास चिंचोके फोडून त्यांची दाने कशी मोजतात, पट कोळशाने आखतात की खडूने, खेळावयास कोण बसते आणि कोणाला बसू दिले जात नाही, हेही टिपावे. मुख्य म्हणजे खेळताना होणारी भांडणे शब्दशः लिहून घ्यावीत. नियम माणसे विचारल्यावर सांगतात; खेळाविषयीचे त्यांचे खरे मत मात्र डाव मोडण्याच्या क्षणी तोंडातून बाहेर पडते. भोजकटात फासे कसे पडले ते आज कोणास ठाऊक नाही. त्या फाशांवरून झालेला वाद मात्र ग्रंथात राहिला आहे.